पडवीतली शाळा

वाचकहो, आईजवळ शिकणे ही काही नवी गोष्ट नव्हे. आपल्या घरांत मूल मोजायला शिकते ते टोपल्यातल्या भाकरी मोजताना, आणि डावे-उजवे त्याला कळते ते बैल जुंपताना. तरीही कुणी विचारले, "पोरगं कुठं शिकतं?" तर आपण शाळेचे नाव सांगतो, घराचे सांगत नाही. घरच्या शिक्षणाला हजेरीपट नसतो, म्हणून ते जमेस धरले जात नाही, इतकेच.

आज ज्या शाळेविषयी सांगणार आहे, ती पडवीतली. ती कुणी हौसेने काढली नव्हती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळांना कुलपे लागली, आणि आपल्या ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या पोरांना पुन्हा वर्गात बसायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. पाचवीपासून पुढच्या मुलांचे वर्ग मध्ये थोडे दिवस भरले, पुन्हा बंद पडले आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडले. शेतकऱ्याच्या हिशेबाने सांगायचे तर दोन खरीप आणि एक रब्बी एवढा काळ गेला. पहिलीतल्या पोराच्या आयुष्यात दोन खरीप म्हणजे फार झाले. तेवढ्यात अक्षरे येऊन परत जाऊ शकतात.

तशी ती एका घरात निघून चालली होती. सिन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाला, पाऊस कमी पडणाऱ्या पट्ट्यात, गावापासून चांगले चार किलोमीटर आत मळ्यात हे घर आहे. पाच एकर जमीन, एक विहीर, दोन गायी, पाचसहा शेळ्या. घरात सासूबाई, नवरा-बायको आणि दोन लेकरे. थोरली तेव्हा तिसरी संपवत आलेली, धाकटा पहिलीत. त्यांच्या मक्यावर लष्करी अळी आली होती म्हणून २०२० च्या खरिपात माझे तिकडे जाणे-येणे वाढले. ही अळी आपल्या देशात २०१८ साली प्रथम दिसली आणि वर्षभरात आपल्या मक्यावर पसरली, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

मी पडवीत टेकलो होतो. ताईंनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, अळीचं मागून बघू. आधी ह्या पोराचं काहीतरी सांगा. त्याला अक्षरं इसरली."

धाकट्याला बोलावले. पाटीवर 'कमळ' लिहून दिले. त्याने 'क' ओळखला, 'म' वर थांबला आणि पळून गेला. थोरली हसली तशी आईने तिला दटावले. मी काय सांगणार? मी पिकांचा माणूस. ताईंची स्वतःची शाळा नववीनंतर सुटलेली. घरात मोबाइल एक, तो नवऱ्याच्या खिशात, आणि रेंज यायची ती विहिरीच्या कठड्यावर. शाळेतून अभ्यास यायचा तो संध्याकाळी, बापू घरी आले की. तोवर पोरांच्या डोळ्यांवर झोप.

मग त्यांनी काय केले ते ऐका. सुपात राख पसरली आणि बोटाने त्यात अक्षर काढायला लावले. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी धूळपाटी होती, तीच ही. पुसायला फडके नको, सूप हलवले की पाटी कोरी. सकाळी चूल पेटायची, भाकरी तव्यावर पडायची आणि चुलीशेजारी धाकट्याचे सूप. रोज एक अक्षर, आणि त्या अक्षराची घरातली एक वस्तू शोधून आणायची. 'ख' ला खुरपे आले. 'ळ' ला काही सापडेना, तेव्हा पोराने आजीच्या गळ्यातल्या माळेला हात घातला, आणि 'ळ' शेवटी असला तरी चालेल असा नियम त्या दिवशी झाला.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तर हा पठ्ठ्या दिसेल ते वाचत सुटलेला. गोणपाटावरचे, काडेपेटीवरचे, पंचांगाच्या मुखपृष्ठावरचे. खताच्या गोणीपाशी येऊन अडला. तिथे आकडे होते, १०:२६:२६. "हे काय गं आई?" ताईंना ते सांगता आले नाही, म्हणून तो प्रश्न माझ्यापर्यंत आला. मी सांगितले की शंभर किलो खतात दहा किलो नत्र, सव्वीस किलो स्फुरद, सव्वीस किलो पालाश. लगेच थोरलीने गोणी पन्नास किलोची म्हणून सगळ्याचे निम्मे केले, पाच, तेरा, तेरा. मग तिने युरियाची गोणी पाहिली. तिच्यावर ४५ किलो. "ही कमी का?" तिचे म्हणणे रास्त होते. पूर्वी ती पन्नासचीच होती, २०१८ पासून पंचेचाळीसची झाली. शेकडा सेहेचाळीस नत्र धरले तर एका गोणीत वीस किलो सातशे ग्रॅम. हे गणित तिने कोळशाने भिंतीवर केले आणि आजीच्या शिव्या खाल्ल्या.

याच्यापुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ताईंनी पोरांना औषधांच्या डब्यांवरचा त्रिकोण वाचायला शिकवला. लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मी एकदा सांगितले होते, त्यांनी ते चुलीमागच्या भिंतीवर खडूने काढून ठेवले. धाकट्याला 'विष' हा शब्द 'आई' नंतर लगेच शिकवला, असे त्या म्हणाल्या. बायांनो, तुमच्या घरात औषधाचा डबा कुठे ठेवलेला असतो? माळ्यावर, की दारामागे? पोराला अक्षरे येत नसली तरी रंग येतात.

आता मक्याकडे येतो. एकरी पाच कामगंध सापळे लावले होते. त्यांत रात्री किती पतंग पडले हे सकाळी मोजायचे काम थोरलीने आपल्याकडे घेतले. आईने तिला जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर रकाने आखून दिले, तारीख, सापळा, पतंग. अळी ओळखायची खूणही तिने पाठ केली. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. इंग्रजीची सव्वीस अक्षरे तिला तेव्हा येत नव्हती, पण वाय पक्का झाला तो अळीच्या डोक्यावर, तोही उलटा.

शेतात वाकडेतिकडे चालत पाच ठिकाणी वीस-वीस झाडे पाहायची, पोंग्यात भोके आणि भुशासारखी विष्ठा दिसली की ते झाड मोजायचे. शंभर झाडांत सात निघाली. "म्हणजे सात टक्के," मी म्हटले. टक्के म्हणजे काय, हे तिला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितले नव्हते, आणि त्यानंतर कुणी सांगायची गरज उरली नाही. शंभरात सात. उन्हाळ्यात दोघा भावंडांनी बांधावरच्या कडुनिंबाखालच्या निंबोळ्या गोळा केल्या होत्या. पाच किलो वाटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात अर्क केला. तो पाच टक्के. एका आठवड्यात शेकडेवारी पुरी झाली. मला हे गणित शिकायला पाचवीचे अख्खे वर्ष लागले होते आणि त्यात छड्या होत्या.

त्याच पावसाळ्यात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली होती, २० जुलै २०२० पासून, पहिली ते आठवीसाठी. घरातल्या, परसातल्या वस्तू घेऊन शिकायचे, अशी ती मालिका. ज्या घरी वीज टिकेल आणि दूरदर्शन संच असेल त्यांना तिचा चांगला उपयोग झाला. या घरी संच होता, पण वीज येई-जाई. ताई म्हणायच्या, "आर्धं दिसलं तरी बरं. उरलेलं आम्ही करून बघतो."

सासूबाईंना यातले काही मान्य नव्हते असे वाटू देऊ नका. त्या निरक्षर, पण रानातली एकूण एक पालेभाजी त्यांना नावानिशी ठाऊक. मृगाचा पाऊस झाला की घोळ, तांदुळजा, केना, पाथरी, टाकळा. कोणते कोवळे खायचे, कोणते गुरांना, कोणते कुणालाच नाही. नातीला घेऊन त्या बांधाबांधाने हिंडत. पोरीने एकेक पान जुन्या पंचांगात दाबून ठेवले, आणि खाली आजीने सांगितलेले नाव लिहिले. मी गेलो की वही पुढे करून शास्त्रीय नावे विचारी. केना म्हणजे कॉमेलिना बेंगालेन्सिस, लव्हाळा म्हणजे सायपरस रोटंडस, हरळी म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन. ही नावे मी कृषी महाविद्यालयात घोकली त्याला तीस वर्षांवर वर्षे झाली. आजीने ती ऐकली आणि म्हणाली, "एवढ्या लांब नावाची भाजी शिजती का तरी?"

बहिणाबाई चौधरींना वाचता येत नव्हते. त्यांच्या ओठांवरचे सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी टिपून ठेवले म्हणून ते १९५२ साली छापून आपल्यापर्यंत आले. या आजीचे पंचांगात दाबले गेले, तेही काही कमी नाही.

वर्षभरात सण यायचे ते यायचेच, साथ असो नसो. पोळ्याला बाजार भरला नाही, म्हणून मातीचे बैल घरी केले. त्यासाठी विहिरीच्या गाळाची माती, बांधावरची पांढरी माती आणि शेतातली काळी माती तिन्ही मळून पाहिल्या. काळीचा बैल वाळताना तडकला, पांढरीचा भुसभुशीत झाला, गाळाचा टिकला. ज्या मातीत चिकण जास्त ती वाळताना आकसते, म्हणून उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, हे पोरांना तडकलेल्या बैलावरून समजले. त्या साली अधिक अश्विन आला आणि दिवाळी लांबली. धाकटा रोज विचारी, "आली का?" थोरलीने पंचांगातले दिवस मोजून काढले की चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, आणि तीन वर्षांचे साठलेले ते दिवस अधिक महिन्यात भरून निघतात. धाकट्याला त्यातून एवढेच कळले की फटाके एक महिना उशिरा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, घेवडा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, बोरे घालून लेकुरवाळी भाजी. मी योगायोगाने तिथे पोहोचलो होतो, योगायोग थोडा घडवूनही आणला असेल. जेवताना ताईंनी दोघांना विचारले की यातले घरचे काय आणि बाजारचे काय. फक्त मीठ, तेल आणि गूळ बाजारचे निघाले. एवढ्याने त्या बाईच्या चेहऱ्यावर जे समाधान आले ते मला अजून दिसते.

चैत्र-वैशाखात कुरडया. तुम्हां बायकांना मी काय सांगावे? तीन दिवस गहू भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचे, वाटून चीक काढायचा, तो बसू द्यायचा, वरचे पाणी ओतून खालचा घट्ट चीक शिजवायचा. त्या दिवशी मी एक गंमत केली. जखमेला लावायचे आयोडीनचे तांबडे औषध घरात होते, त्याचे दोन थेंब वाटीभर चिकात टाकले. पांढरा चीक क्षणात काळा-निळा. पोरे ओरडलीच. जिथे पिष्ट असते तिथे आयोडीन असा रंग देते. मग बटाट्यावर टाकले, भातावर टाकले, दोन्ही निळे. काकडीवर टाकले, काही नाही. ती चिकाची वाटी अर्थातच फेकून द्यावी लागली, आणि आजी पुढे मी आलो की चिकाचे पातेले झाकून ठेवी.

या सगळ्यात एक काम असे झाले की ज्याने घरात पैशाचा फरक पडला. २०२० च्या जूनमध्ये राज्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवले नाही, तक्रारींचा पाऊस पडला, हे तुम्ही विसरला नसाल. या घरचीही एक एकर दुबार पेरावी लागली. म्हणून पुढच्या वर्षी घरचेच बी राखले. मे २०२१ मध्ये ताईंनी थोरलीकडून उगवण तपासून घेतली. ओले गोणपाट पसरायचे, दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, दुसरे ओले गोणपाट वर टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे. सातव्या दिवशी उलगडून मोजायचे. चौसष्ट उगवले.

सत्तर टक्के उगवण असेल तर एकरी तीस किलो बी लागते. चौसष्टला किती? हे त्रैराशिक. आईने आपल्या नववीतल्या आठवणीतून मांडून दिले, पोरीने सोडवले. तीस गुणिले सत्तर, भागिले चौसष्ट. बत्तीस किलो आठशे ग्रॅम. तीन एकरांना नव्वदऐवजी अठ्ठ्याण्णव किलो चारशे ग्रॅम. बापू म्हणाले, "एवढं बारीक कोण बघतं? नव्वद टाका." ताई म्हणाल्या, "मागल्या साली बघितलं नव्हतं तेव्हा काय झालं?" बापूंनी आठ किलो जास्तीचे मोजून घेतले.

पाऊसही मोजला जात होता. सरळ कडांचा पत्र्याचा डबा, उघड्यावर विटांच्या आधाराने ठेवलेला, आणि सकाळी आठाला त्यात कंपासपेटीतली पट्टी. तीन मिलिमीटर, अकरा, काही नाही, काही नाही, अठरा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, आणि एकरात सुमारे चार हजार चौरस मीटर. पंचवीस मिलिमीटर पडला म्हणजे एकरावर एक लाख लिटर, दहा हजारांचे दहा टँकर! हा हिशेब थोरलीने केला त्या दिवशी धाकटा आभाळाकडे बघून टँकर मोजत होता. शेजारी पहिल्या सरीला पेरते झाले, बापूंचे हात शिवशिवत होते. पोरगी वही घेऊन दारात उभी, "पप्पा, अजून पंचाहत्तर झाले नाहीत." ते थांबले. बायकोने सांगितले असते तर थांबले असते की नाही, याची मला शंका आहे.

इथवर सगळे गोड आहे. आता ऑक्टोबर सांगतो.

जूनमध्ये पेरलेले सोयाबीन ऑक्टोबरच्या तोंडावर काढणीला येते. शेंगा वाळल्या की थांबता येत नाही, तडकतात, दाणे रानात सांडतात. मजूर मिळत नाही, मिळाला तर दर चढलेला. आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, ४ ऑक्टोबरला पाचवीचे वर्ग उघडणार होते. थोरली आता पाचवीत. वस्तीची शाळा चौथीपर्यंतच, पाचवीसाठी गावात जायचे, चार किलोमीटर, पायी नाहीतर कुणाच्या गाडीवर.

मी शनिवारी तिथे होतो. बापू पडवीत विळ्यांना धार लावत होते. आजीने विषय काढला. "एवढं सोयाबीन निघू द्या. मग कांद्याचं रोप टाकू, लागण झाली की जाईल साळंत. घरीच तर शिकती की समदं. मास्तर काय येगळं शिकवणार?"

वाचकहो, आजी दुष्ट नव्हती. तिचे म्हणणे घरच्या गरजेचे होते, आणि वरून कौतुकाचेही होते. पोरगी खरेच घरी शिकली होती. त्या घरच्या शाळेचे यशच आता तिच्या आड येऊ लागले होते. बापू काही बोलले नाहीत, धार लावत राहिले. मीही गप्प होतो, कारण तो त्या घराचा प्रश्न होता.

ताई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. कप खाली ठेवले आणि उभ्यानेच म्हणाल्या, "आत्याबाई, मलाबी असंच थांबवलं होतं. नववीनंतर. एका हंगामापुरतं."

विळ्याचा आवाज थांबला. बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी आजीच म्हणाली, "मग कापायला कोण?"

त्याचेही उत्तर त्यांनी आधीच शोधून ठेवले होते. शेजारच्या दोन वस्त्यांवरच्या बायांशी त्यांनी सावड केली होती. तीन दिवस त्या यांच्याकडे, मग या त्यांच्याकडे. मजुरीचा पैसा कुणी कुणाला द्यायचा नाही. सावड आपल्याकडे जुनी, पण रोजंदारीच्या दिवसांत विसरली जात चाललेली. ताईंना ती पोरीच्या शाळेसाठी आठवली. ते तीन दिवस त्या पहाटे चारला उठल्या, भाकरी केल्या, पोरीची वेणी घातली, तिला रस्त्यापर्यंत सोडले आणि मग विळा हातात घेतला. पुढचे सहा दिवस दुसऱ्यांच्या रानात वाकल्या, ते वेगळेच.

मला तुम्हांला इथे थोडे बोलायचे आहे. शहरांत अलीकडे काही सुशिक्षित आईबाप हौसेने, विचार करून मुलांना घरी शिकवतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे, वयाची चौदा वर्षे पुरी झाली की तिच्यामार्फत दहावीची परीक्षा देता येते. ज्यांना जमते त्यांनी करावे. पण आपल्या घरांत 'घरीच शिकते' हे वाक्य आले की मी कान टवकारतो. बहुतेक वेळा ते मुलीविषयी असते, आणि बहुतेक वेळा हंगामात असते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो कायदा सोयाबीनच्या काढणीला सूट देत नाही.

आणि पोराला कामापासून तोडून शाळेत कोंबा, असेही माझे म्हणणे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, पुढे १९५७ साली त्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पोरे गुरे राखायला जातात, शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. खडे, बिया, पाने हीच त्यांची साधने. ताईंना ही नावे ठाऊक नव्हती. मी सांगितली तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे आमचं सूप काही चुकीचं नव्हतं."

चुकीचे नव्हतेच, पण सुपाला जे जमत नाही तेही सांगितले पाहिजे. १ डिसेंबरला धाकटा वस्तीच्या शाळेत परत गेला. गुरुजींनी वाचायला दिले, तर हा वर्गात पुढे. पण रांगेत उभे राहायचे, दुसऱ्याचे बोलणे संपू द्यायचे, खडू वाटून घ्यायचा, हे काही येईना. पावणेदोन वर्षे बहिणीशिवाय त्याला बरोबरीचे कुणी नव्हते. पहिल्या आठवड्यात दोन मारामाऱ्या झाल्या. तिसऱ्या आठवड्यात त्याच पोराला बरोबर घेऊन घरी आला आणि पावसाचा डबा दाखवू लागला. डबा कोरडा होता, डिसेंबरच होता. तरी दोघांनी पट्टी घालून शून्य मोजले आणि वहीत लिहिले.

थोरलीचे इंग्रजी मागे होते, ते आईला भरून काढता आले नव्हते. अक्षरही गिचमिड झालेले. तिच्या बाईंनी वर्षभर मेहनत घेतली. गणितात मात्र टक्केवारीचा धडा आला तेव्हा वर्गात हिनेच उभे राहून सांगितले, आणि उदाहरण लष्करी अळीचे दिले. मुले हसली, असे तिने मला जरा रागाने सांगितले.

आता ती हायस्कुलात आहे. तिच्या आईने मध्यंतरी एकदा मला बांधावर गाठले. हातात विळा, डोक्यावर गवताचा भारा. "भाऊसाहेब, तो सतरा नंबरचा फॉर्म असतो ना बाहेरून दहावीला बसायचा, त्याला काय काय लागतं?" मी म्हटले, आधीच्या शाळेचा दाखला लागेल, गावातल्या हायस्कुलात चौकशी करा. त्यांनी दाखला आधीच माहेरहून आणून ठेवला होता, तांदळाच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून.

पुस्तके थोरलीची येतील. गणिताची त्यांना भीती नाही, त्रैराशिक अजून हातात आहे. इतिहास रात्री भांडी झाल्यावर वाचतात, आजीही ऐकत बसते. इंग्रजी थोरली शिकवते, संध्याकाळी, त्याच पडवीत. "लई ओरडती हो," ताई हसत म्हणाल्या, "मी तिच्यावर येवढी कधी ओरडले नव्हते." आणि भारा सावरून घराकडे निघाल्या, गायींची वेळ झाली होती.